चिंध्यांचे उंदीर

दसरा उलटल्यापासून नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत ब्लाऊज शिवणाऱ्यांच्या दुकानांतून जे काम चालते, त्याचा हिशेब गिऱ्हाईक शिवून हाती आलेल्या कपड्यावरून करते. पण त्याच कामाचा दुसरा, तितकाच खरा हिशेब मशीनच्या पायट्याखाली साचत जाणाऱ्या कातरणीच्या ढिगात पाहावयास मिळतो. ऐंशी सेंटिमीटरच्या ब्लाऊजपीसमधून पाठ, पुढचे भाग, बाह्या, हुकांच्या पट्ट्या आणि तिरप्या पाइपिंगचे कापड निघाल्यावर जे उरते, त्यात काखेच्या गोलाईतून सुटलेल्या चंद्रकोरी असतात, गळा कापताना पडलेले अर्धवर्तुळाकार तुकडे असतात, अस्तराच्या रुबियाच्या लांबट पट्ट्या असतात आणि खणाच्या काठाची, वीतभरही न भरणारी, परंतु टाकवत नाही अशी एखादी चीरही असते. या तुकड्यांतून घरातल्या मांजरासाठी खेळणी शिवणारी माणसे आता गावोगाव आढळू लागली आहेत. त्यांचे काम वरवर पाहता बालिश वाटावे असे असले, तरी जवळून पाहिल्यास त्यात शिवणकलेची आणि प्राणिस्वभावाच्या ज्ञानाची एकसमयावच्छेदेकरून परीक्षा होते, अशी माझी खात्री झाली आहे. आणि हा लेख त्या परीक्षेचा तपशील नोंदविण्यासाठीच आहे.

कापड वाया जाऊ न देण्याचा शिरस्ता आपल्याकडे नवा नाही. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की विरलेला भाग काढून दोन्ही टोके जोडीत, त्यास दंड घालणे म्हणत; दंडही चालेना तेव्हा त्याचे बाळाचे दुपटे होई, दुपट्यानंतर ते गोधडीच्या थरात जाई, आणि गोधडीही फाटली म्हणजे तिचे पोतेरे होऊन भुई सारवण्याच्या कामी येई. जे घरात जिरत नसे ते बोहारणीच्या गाठोड्यात पडे आणि त्याच्या मोबदल्यात एखादे भांडे घरात येई. या साऱ्या वहिवाटीमागे सुती कापड गृहीत धरलेले होते: ते मऊ पडे, पाणी शोषी, सुईस वश होई आणि शेवटी मातीत मिसळे. आजच्या कातरणीत पॉलिएस्टर, जॉर्जेट आणि जाळीचे प्रमाण इतके वाढले आहे की गोधडीवाली ती घेत नाही, पोतेऱ्यास ती उपयोगी पडत नाही, आणि दिवाळीचा पाडवा झाला की पोतीच्या पोती घंटागाडीत रवाना होतात. त्या पोत्यांतून सुती तेवढे वेचून घेणे हे खेळणी शिवणाऱ्याचे पहिले काम, आणि माझ्या मते निम्मे काम.

दुसरे निम्मे काम मांजर समजून घेण्याचे. आपल्या समाजात मांजर बहुतकाळ चाकरीत होते. १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, साथ उद्भवून ती प्रांतोप्रांती पसरल्यावर उंदीर, पिसू आणि रोग यांचा संबंध हळूहळू उलगडत गेला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमरावतीस सिव्हिल सर्जन असलेले अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वऱ्हाडातील गावांत मांजरांची गणती करवून, मांजरे असलेल्या घरांत प्लेगचा शिरकाव कमी होतो, असे प्रतिपादन वैद्यकीय नियतकालिकांतून केले. साथीच्या निवारणाचे इतर उपाय पुढे आले आणि ती चर्चा मागे पडली. पण सरकारी डॉक्टराने मांजराची कामगिरी दफ्तरी नोंदवावी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आज तेच मांजर चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत, जाळी मारलेल्या खिडकीशी बसून पारवे पाहत असते. त्याच्या भोजनाची बेगमी आयत्या दाण्यांनी झालेली असते. परंतु दबा धरणे, झेप घेणे, पंजाने रोखणे, दातांत धरून मागच्या पायांनी तुडविणे, ही जी कर्मशृंखला त्याच्या देहात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, ती पोट भरल्याने शमत नाही. तिला वाट न मिळाल्यास ती सोफ्याच्या पाठीवर, पडद्याच्या झालरीवर आणि रात्री पांघरुणाबाहेर आलेल्या माणसाच्या अंगठ्यावर उतरते, आणि मग लोक मांजर खोडकर झाले म्हणून तक्रार करतात.

या बाबतीत गेल्या काही दशकांत झालेले संशोधन खेळणी शिवणाऱ्यास फार उपयोगी आहे. ब्रॅडशॉ आणि हॉल या इंग्रज संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले, की प्रौढ मांजराचा वस्तूशी चाललेला खेळ भुकेने तीव्र होतो, म्हणजे खेळ आणि शिकार यांचा उगम एकच. आणि पुढे २००२ साली त्यांनीच असे मांडले, की मांजरास खेळाचा नव्हे तर त्या विशिष्ट खेळण्याचा कंटाळा येतो, आणि रंगरूप बदललेली दुसरी वस्तू समोर आली की तेच मांजर क्षणापूर्वीपेक्षाही अधिक आवेशाने झेपावते. एक्झिटर विद्यापीठातील चेकेटी, मॅकडोनल्ड प्रभृतींनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष तर पक्षिप्रेमींनीही वाचावा असा आहे: ज्या घरी मालक मांजराशी रोज पाच ते दहा मिनिटे शिकारीसारखा खेळ खेळला, त्या घरच्या मांजरांनी मारून आणलेल्या सावजांची संख्या चतुर्थांशाने घटली. बाजारातील महागडे खेळणे एकदा आणून कपाटाखाली विसरण्यापेक्षा, चिंध्यांची चार निरनिराळी खेळणी शिवून ती आळीपाळीने बाहेर काढणे मांजराच्या प्रकृतीस अधिक मानवते, याचे शास्त्रीय कारण कंटाळ्याविषयीच्या वरील निष्कर्षात आहे.

सावजाचे प्रमाण निसर्गाने मुक्रर करून ठेवले आहे. घरातील उंदराचे धड सुमारे सात ते दहा सेंटिमीटर लांब आणि वजन वीस ग्रॅमच्या आसपास असते. म्हणून खेळण्याचा उंदीरही त्याच मापाचा, दातांत धरून मिरविता येईल इतका हलका असावा. आपण हौसेने शिवलेला, बाहुलीएवढा, गच्च भरलेला उंदीर पाहून मांजर मागे सरते, कारण त्याच्या हिशेबी तो उंदीर नसून प्रतिस्पर्धी असतो. रंगाची चिंता करू नये. मांजरास निळा आणि हिरवट पिवळा या छटा बऱ्यापैकी ओळखू येतात, तांबडा त्यास मळकट दिसतो. आणि वीतभर अंतराच्या आतील वस्तू त्याला स्पष्ट दिसत नसल्यामुळे तेथे डोळ्यांचे काम मिशा करतात. मात्र हालचाल आणि आवाज यांच्या बाबतीत ते आपल्याहून फार पुढे आहे. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपाशी थांबतो, मांजराचा पंचाऐंशी हजारांपर्यंत पोहोचतो. म्हणून कडक खळ दिलेल्या सुती कापडाची घडी आत घातली असता जी चुरचुर आपल्याला जेमतेम ऐकू येते, ती त्याला वाळल्या पाल्यात शिरलेल्या जीवासारखी भासत असली पाहिजे. वेफर्सच्या पिशवीचे चुरचुरीत प्लास्टिक काही जण या कामी वापरतात. शिवण उसवताच ते पोटात जाण्याचा धोका असल्याने मी ते सुचविणार नाही.

डोंबिवलीत एका गृहस्थांच्या ओळखीने मी अशा एका काकूंकडे गेलो, ज्यांनी आयुष्यभर घरबसल्या ब्लाऊज शिवले आणि आता नजर मंद झाल्यावर गिऱ्हाइकांचे काम थांबवून केवळ ही खेळणी शिवतात. शेजारच्या दोन शिंप्यांकडली कातरण त्यांच्याकडे येते. पायमशीन खिडकीशी, त्यावर उजेड पडेल अशा बेताने ठेवलेले, आणि त्याच्या फळीवर मनी नावाची करडी मांजरी पसरलेली. काकूंनी पिशवी ओतून प्रथम हातानेच निवड केली. तुकडा चुरगळून सोडावा. चुण्या राहिल्या तर सुती. काठाचा धागा ओढून पाहावा. सुळसुळ निघत गेला तर तुकडा बाद. जरीचा काठ बाद, टिकल्या असलेले बाद, टर्किश टॉवेलचे बाद, कारण त्याच्या फासांत नख अडकले की मांजर घाबरून पंजा ओढते आणि नखच उपटून निघते. उरलेले तुकडे त्या कढत पाण्यातून काढतात, आणि ओले असतानाच पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का ते बघतात, कारण खेळताना ते कापड मांजराच्या लाळेत तासन्‌तास भिजणार असते. जुन्या ट्रंकेतील कपडा आला असेल आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास असेल, तर धुऊन ऊन दाखवूनही वास उरल्यास त्या तो घेत नाहीत. आणि त्यांचे हे पथ्य अगदी योग्य आहे, कारण नॅफ्थलीनसारखी द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याची यकृताची शक्ती मांजरात माणसाहून पुष्कळच तोकडी असते.

मग त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर कापलेला नमुना काढला: थेंबाच्या अर्ध्या आकाराच्या दोन बाजू आणि खाली एक लांबट पान. आतली खोळ मांजरपाटाची, बाहेरची खणाची. माया मात्र त्यांनी ब्लाऊजला सोडतात तशी दीड इंच न सोडता जेमतेम पाव इंच सोडली, कारण इतक्या लहान गोलाईत जास्त माया आत गोळा होऊन टोचते. कान गळ्याच्या कातरणीचे. ती अर्धगोल आधीच असल्यामुळे दुमडून टीप मारली की कान तयार. शेपटीसाठी त्यांनी दोरी घेतली नाही, नाडी घेतली नाही. कापडाची पट्टी तिहेरी दुमडून, तिच्या मधोमध टीप मारून, दोन बोटे लांबीवर ती कापली, आणि तिचे टोक दोन्ही कापडांच्या मध्ये घालून मागे-पुढे तीन वेळा मशीन चालविले. टाका बारीक ठेवला होता. खोळ उलटविण्यापूर्वी गोलाईला कात्रीच्या टोकाने लहान लहान छेद दिले, आणि उलटविल्यावर दोन्ही हातांनी शिवण ताणून ती खिडकीसमोर धरली: फटीतून उजेड आला असता तर त्यांनी ते उसवून पुन्हा शिवले असते.

“काकू, डोळे नाही काढणार?” मी विचारले.

“अहो, डोळे आपल्याला लागतात,” त्या म्हणाल्या, “मनीला शेपूट पुरते.”

भरण्यासाठी त्यांच्याजवळ नखाएवढ्या कापलेल्या सुती चिंध्यांचा डबा होता. कापूस भरला तर खेळणे पहिल्या धुण्यातच गोळा होऊन बसते, चिंध्या भरल्या तर पुन्हा वाळून मोकळ्या होतात, हा त्यांचा अनुभव. पोटाकडचे तोंड त्यांनी हातशिलाईने मिटविले. कडा आत मुडपून, टाके इतके जवळजवळ की सुईचे टोक घालायलाही जागा नसावी, आणि शेवटची गाठ आत ओढून दोरा कापडाच्या पोटात हरवून टाकला.

शिवणीविषयीची ही कठोरता अनाठायी नाही. मशीनच्या साध्या टिपेत वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या आत एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एका जागी दोरा तुटला तरी शेजारचे काही टाके तेवढे सैल पडतात. धान्याच्या पोत्याच्या तोंडाची साखळीटीप तशी नसते. तिचे योग्य टोक सापडले की सबंध शिवण एका हिसक्यात निघते. म्हणून साखळीटिपेने जोडलेला कोणताही तयार भाग खेळण्यात घेऊ नये. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकून टाकणे त्याला जवळजवळ अशक्य होते आणि तो गिळावाच लागतो. त्या दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अथवा जठराच्या मुखाशी अडकून राहिले आणि उरलेला पुढे सरकत गेला, म्हणजे आतडे त्या दोऱ्यावर नेफ्यातल्या नाडीवर परकर गोळा व्हावा तसे गोळा होते; दोरा ताणला जाऊन आतड्याच्या भिंती कापतो, आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास प्राणी दगावतो. शिवणाऱ्यांच्या घरात तर दोऱ्याला सुईही असते. मांजर वारंवार ओकत असेल, अन्नाला तोंड लावत नसेल, आणि तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचे टोक दिसत असेल, तर ते टोक कदापि ओढू नये आणि तडक पशुवैद्याकडे न्यावे, एवढे वाक्य प्रत्येक शिवणकाम करणाऱ्या मांजरप्रेमीने ध्यानात ठेवले, तर या लेखाचे चीज झाले असे मी समजेन.

याच न्यायाने बटणे, मणी, घुंगरू, इलॅस्टिक, रिबिनी यांची रवानगी दुसऱ्या पेटीत करावी. खुळखुळा हवाच असेल तर एखादा सागरगोटा स्वतंत्र मांजरपाटी पिशवीत शिवून ती पिशवी मधोमध बसवावी. तो पुरेसा मोठा असतो आणि गडगडतो छान. गुंज मात्र दिसायला कितीही मोहक असली आणि मातीच्या चित्रांना तिचे डोळे बसविण्याची चाल जुनी असली, तरी तिच्यातील अ‍ॅब्रिन हे जहाल विष आहे आणि दातांनी बी फुटल्यावर ते मोकळे होते. मांजराच्या आवाक्यातील कोणत्याही वस्तूत गुंज नको.

वासाचा विषय थोडा वेगळा आणि अतिशय रोचक आहे. परदेशात मांजरांच्या खेळण्यांत भरतात ती कॅटनिप ही पुदिन्याच्या कुळातील वनस्पती. तिच्यातील नेपेटालॅक्टोन नावाच्या द्रव्याने मांजर लोळते, गाल घासते आणि काही मिनिटांत शांत होते. हा प्रतिसाद आनुवंशिक असल्याचे नील टॉड यांनी १९६२ साली मांडले; सुमारे दोनतृतीयांश मांजरे तो देतात, फार लहान पिल्ले देत नाहीत. जपानमध्ये माताताबी या वेलीचा असाच लौकिक आहे, आणि तेथील मियाझाकी, उएनोयामा आदी संशोधकांनी २०२१ साली दाखविले, की या वेलीला अंग घासलेल्या मांजरावर डास कमी बसतात. म्हणजे आपण ज्याला नशा समजत होतो, तो कदाचित कीटकांपासून संरक्षणाचा उपाय असावा. महाराष्ट्रातही पावसाळ्यात परसात आणि रस्त्याकडेला उगवणारी खोकली ही वनस्पती मुळासकट उपटली असता मांजरे तिच्या मुळाभोवती अशीच घुटमळतात. तमिळ देशात तर तिचे एक नावच मांजराला वंदन करावयास लावणारी, या अर्थाचे आहे. तथापि खोकलीत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असल्यामुळे ती खेळण्यात भरणे मला प्रशस्त वाटत नाही. व्हॅलेरियनच्या मुळाला सुमारे निम्मी मांजरे भुलतात, असे १०० मांजरांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. त्याची हिमालयीन बहीण तगरगंठोडा या नावाने आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते. दारातल्या पांढऱ्या फुलांच्या तगरीशी तिचा काही संबंध नाही, आणि त्या चिकाच्या झाडाचा कोणताही भाग या कामी वापरू नये. ज्यांना वासाचे खेळणे करावयाचेच असेल त्यांनी कॅटनिपचे बी आणून ते हिवाळ्यात कुंडीत लावावे, पाने सावलीत वाळवावी आणि चिमूटभर चुरा चिंध्यांत मिसळावा. परिणाम दहाएक मिनिटांचा. त्यानंतर बराच वेळ तेच मांजर त्याच वासाकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून खेळ संपला की हे खेळणे झाकणाच्या डब्यात ठेवावे.

उंदरावाचून दुसरा एक प्रकार मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याला शिवणही अत्यल्प लागते. जीन्सचे पाय कमी करून देणाऱ्या दुकानात रोज डेनिमच्या तयार नळ्या पडतात. अशी वीतभराहून थोडी लांब नळी घ्यावी, एक तोंड दुहेरी टिपेने मिटवावे, चिंध्या जरा सैलसर भराव्या आणि दुसरे तोंड मिटवावे. मांजर ती पुढच्या दोन्ही पायांत कवटाळते, तोंडाने धरते आणि आडवे पडून मागच्या पायांनी तिच्यावर लाथांचा वर्षाव करते. हाताला ओरबाडे काढण्याची सवय लागलेल्या तरुण बोक्यांसाठी याहून चांगली तजवीज नाही. हात मागे घ्यावा आणि नळी पुढे करावी, आठवड्यादोनआठवड्यांत त्याला फरक कळतो. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून कपाटाच्या मागे दडलेल्या मांजरापुढे मात्र कोणतेच खेळणे नाचवू नये. भ्यालेले जनावर खेळत नाही. त्याला त्या चार रात्री दार लोटलेली खोली आणि जुनी गोधडी द्यावी.

खेळविण्याचीही रीत आहे. उंदीर मांजराच्या अंगावर फेकू नये. कोणताही उंदीर स्वतःहून मांजराकडे येत नसतो. तो मांजरापासून दूर, भिंतीच्या कडेने, थांबत थांबत ओढावा, पायपुसण्याखाली अर्धा लपवावा, आणि शेवटी तो पकडू द्यावा. काठीला कापडी पट्टी बांधून खेळवीत असाल तर खेळ संपताच ती काठी कपाटात कुलूपबंद करावी, कारण मघाशी वर्णिलेला दोऱ्याचा धोका पट्टीलाही लागू आहे. लगोलग चार दाणे खायला घातले म्हणजे शिकारीनंतर भोजन हा क्रमही पुरा होतो.

मांजरांच्या निवाऱ्यांना अशी खेळणी भेट देण्याची इच्छा पुष्कळांना होते, आणि ती स्तुत्य आहे. परंतु आधी तेथे विचारून घ्यावे. गजकर्णाचे बीजाणू कापडात महिनोन्‌महिने टिकतात, आणि मांजरांत प्राणघातक ठरणारा पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू अनुकूल परिस्थितीत वर्षभरही जिवंत राहतो. त्यामुळे एका पिंजऱ्यातील खेळणे दुसऱ्यात जाता कामा नये, आणि आजारी मांजराचे खेळणे, ते कितीही मेहनतीने शिवलेले असले तरी, जाळून टाकले पाहिजे. निवाऱ्यासाठी शिवताना खण, कान, शेपूट यांचा मोह सोडून उकळत्या पाण्यात टाकता येतील अशा साध्या सुती नळ्या पुष्कळ शिवाव्या, प्रत्येक मांजरास त्याची स्वतःची नळी द्यावी, आणि त्या मांजरास कोणी दत्तक नेऊ लागला तर ती न धुता त्याच्याबरोबरच द्यावी. नव्या घरातील पहिल्या रात्री त्याच्या अंगाचा वास असलेली तेवढी एकच वस्तू तेथे असते.